अँटिऑक्सिडंट्स एकमेकांच्या मदतीने पेशी कशा सांभाळतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, त्यामुळे घरच्या ग्रुपवर कुणी "या सुपरफूडने म्हातारपण थांबतं" असं काही फॉरवर्ड केलं की खाली लगेच मला टॅग करतात, ताई हे खरंय का. दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवतेय.

फ्री रॅडिकल म्हणजे नक्की काय?

इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात. एखाद्या रेणूत एखादा इलेक्ट्रॉन एकटाच उरला की तो झाला फ्री रॅडिकल, आणि त्याला काही चैन पडत नाही, तो शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, मग शेजारी एकटा पडतो, तो त्याच्या शेजाऱ्याचा ओढतो, आणि हे असं पुढे पुढे चालूच राहतं.

हे तुम्ही घरी पाहिलेलं आहे, म्हणजे नाकाने हुंगलेलं आहे. दिवाळीच्या चिवड्याचा तळाशी उरलेला डबा संक्रांतीला उघडा, किंवा जवसाची चटणी दोन महिने विसरून जा. तो जो खवट वास येतो ना, ती हीच साखळी, तेलाच्या रेणूंमधून फिरून गेलेली. आपल्या प्रत्येक पेशीभोवती जो पातळ पडदा असतो तोही चरबीचाच असतो, त्यातही जवसासारखेच नाजूक फॅटी ॲसिड असतात, आणि तो दिवसरात्र ३७ डिग्रीला ऑक्सिजनमध्ये बुडालेला असतो. म्हणजे खरा प्रश्न "आपण खराब का होतो" हा नाहीच, इतकी वर्षं खवट न होता राहतो कसे हा आहे.

मग अँटिऑक्सिडंट काय करतं?

स्वतःचा एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. एवढंच. साखळी तिथे थांबते.

पण दिल्यावर ते स्वतः एकटं पडतं की नाही? पडतंच. फरक इतकाच की त्याची ठेवणच अशी असते की एकटं पडलं तरी ते फारसं कुणाच्या अंगावर धावून जात नाही, शांतपणे कोपऱ्यात बसून राहतं. पण बसून राहिलं म्हणजे ते आता कामाचं नाही. जाहिरातीत नेमकं हे सांगत नाहीत.

"एकत्र काम करतात" म्हणजे कसं?

उसनवारी आठवा. जोशीकाकूंनी शेजारी वाटीभर साखर दिली, मग त्यांच्याकडची संपली म्हणून त्यांनी पलीकडच्या बिऱ्हाडातून आणली, त्यांनी आणखी पलीकडून, आणि शेवटी कुणीतरी वाण्याकडे जाऊन विकत आणली. पेशीत इलेक्ट्रॉनचं अगदी असंच चालतं.

पडद्यात व्हिटॅमिन ई बसलेलं असतं. हे तेलात विरघळणारं आहे त्यामुळे त्याची जागा तिथेच. संख्येने ते फार कमी, पडद्यातल्या हजारेक चरबीच्या रेणूंमागे साधारण एखादंच. तरी ते पुरतं, कारण रॅडिकलशी त्याची गाठ चरबीपेक्षा सुमारे हजारपट वेगाने पडते, म्हणजे रॅडिकल पुढच्या चरबीला हात लावायच्या आत हे मध्ये येतं. इलेक्ट्रॉन दिला, साखळी तुटली, आता व्हिटॅमिन ई रिकामं.

इथे व्हिटॅमिन सी येतं. ते पाण्यात विरघळणारं, पडद्याच्या आत शिरू शकत नाही, पण ई चं इलेक्ट्रॉन देणारं टोक पडद्याच्या काठाशीच असतं, आणि तिथे काठावरून सी त्याला इलेक्ट्रॉन देतं. ई पुन्हा कामाला लागतं, आता सी रिकामं. सी ला भरून देतं ग्लुटाथायोन (इतर वाटाही आहेत पण ही मोठी), हा आपल्या पेशीतच तयार होणारा तीन अमिनो ॲसिडचा छोटासा रेणू. मग ग्लुटाथायोन रिकामं झालं की त्याला भरून देतं एनएडीपीएच, हा पेशीतला इलेक्ट्रॉन पोचवणारा रेणू. आणि एनएडीपीएच कुठून येतं? ग्लुकोजमधून. म्हणजे तुम्ही सकाळी खाल्लेल्या भाकरीतून.

वाणी म्हणजे भाकरी. मला स्वतःला या सगळ्या विषयातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते, की शेवटचं बिल ना आवळ्याच्या नावाने फाटतं ना ब्लूबेरीच्या, ते रोजच्या जेवणाच्या नावाने फाटतं.

आणि मधले जे हात आहेत त्यांनाही आपापली हत्यारं लागतात. ग्लुटाथायोन भरून देणाऱ्या एन्झाइमला (एन्झाइम म्हणजे पेशीतली रासायनिक कामं करून देणारं प्रथिन) बी२ लागतं, एनएडीपीएच बनायलाच बी३ लागतं. बी२ ला कुणी अँटिऑक्सिडंट म्हणून विकत नाही, पण अंगात बी२ पुरेसं आहे का हे बघायची एक जुनी टेस्ट म्हणजे लाल रक्तपेशीतलं हेच एन्झाइम किती सुस्तावलंय ते मोजणं.

हे सिद्ध झालंय की नुसती थिअरी?

सी हे ई ला भरून देत असावं ही कल्पना १९६८ मध्ये अल टॅपल यांनी मांडली. १९७९ मध्ये पॅकर, स्लेटर आणि विल्सन यांनी 'नेचर' मध्ये दाखवून दिलं की परीक्षानळीत ई चं रॅडिकल सी समोर आलं की नाहीसं होतं, डोळ्यादेखत. जिवंत माणसाच्या शरीरात नेमकं किती प्रमाणात होतं यावर वाद झाले, अजूनही होतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात ई लवकर संपतं आणि सी दिलं की ते संपणं मंदावतं हे मात्र माणसांमध्येही दिसलंय.

तुमच्या स्वयंपाकघरातही याचा एक चुलतभाऊ आहे. तेलाच्या पिशवीची मागची बाजू वाचा, बऱ्याच पिशव्यांवर अँटिऑक्सिडंट ३१९ लिहिलेलं असतं (आपल्याकडे किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं) आणि बऱ्याचदा जोडीला ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबाचा आंबटपणा. सायट्रिक ॲसिड इलेक्ट्रॉन बिलेक्ट्रॉन काही देत नाही, ते तेलातले लोखंड-तांब्याचे कण धरून ठेवतं जेणेकरून नवीन रॅडिकल तयारच होऊ नयेत. एक विझवणारा, एक काडेपेटी लपवणारा. दोघं मिळून एकेकट्यापेक्षा जास्त टिकवतात, तेल कंपन्यांना हे फार आधीपासून माहितीय.

शरीरातही काडेपेटी लपवणारे आहेतच, लोखंड फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन या प्रथिनांमध्ये कुलूपबंद असतं. मोकळं लोखंड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड भेटले की सगळ्यात खुनशी रॅडिकल तयार होतं, हायड्रॉक्सिल, त्याला विझवायला कुणाला वेळच मिळत नाही. म्हणून ते होऊच न देणं हा एकच उपाय.

व्हिटॅमिनं सोडून शरीराचं स्वतःचं काही आहे का?

आहे ना, आणि तेच मुख्य आहे. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम शोधलं. ते सुपरऑक्साइड नावाच्या रॅडिकलचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. पण पेरॉक्साइड पण काही साधूसंत नाही, ते पुढे कॅटलेज किंवा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज पाणी करून टाकतात. म्हणजे पहिलं एन्झाइम एकटंच जोरात चाललं आणि पुढचे झोपले तर काम अर्धवट, एक कचरा उचलून दुसरा टाकल्यासारखं.

कॅटलेज बघायचं असेल तर मेडिकलमधून जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. वर्गात मी दोन परीक्षानळ्या घेते, एकीत कच्च्या बटाट्याचे तुकडे आणि दुसरीत उकडलेल्याचे, दोन्हीत चमचाभर ओतायचं. कच्च्याच्या नळीत लगेच फेस उसळून तोंडाशी येतो, कधीकधी बाहेर टेबलावर सांडतो आणि मागच्या बाकावरची पोरं पहिल्यांदा मान वर करतात. उकडलेल्यात काही नाही, गप्प, कारण उष्णतेने एन्झाइम मेलं. हाताला खरचटल्यावर पेरॉक्साइड लावलं की जो फेस येतो तोही हाच, तुमच्या रक्तातला आणि पेशींतला कॅटलेज. एक रेणू सेकंदाला लाखो पेरॉक्साइड फोडतो. कुठलीही गोळी या वेगाच्या जवळपाससुद्धा येत नाही.

उसनवारीचं शेवटचं टोक तुटलं तर काय होतं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

लाल रक्तपेशी घ्या. तिला केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाही, १२० दिवस ती ऑक्सिजन पाठीवर घेऊन पळते आणि पोटात लोखंड भरलेलं. म्हणजे खवट व्हायला याहून सोयीची जागा नाही. एनएडीपीएच मिळवायचा तिच्याकडे एकच रस्ता, आणि त्या रस्त्याच्या तोंडाशी जी६पीडी नावाचं एन्झाइम. काही लोकांत ते जन्मतःच कमजोर असतं, जगात अंदाजे ४० कोटी लोक असे आहेत. जनुक एक्स क्रोमोसोमवर असल्यामुळे पुरुषांत त्रास जास्त दिसतो. आपल्याकडे काही आदिवासी समाजांत आणि मुंबईच्या पारशी समाजात प्रमाण जास्त आढळलंय.

अशा माणसाला एरवी काहीच होत नाही, आयुष्य जातं कळत पण नाही. पण मलेरियासाठी प्रायमाक्विन दिलं, किंवा बाकला नावाच्या शेंगा खाल्ल्या (भूमध्य समुद्राकडे फार खातात, आपला वाल-पावटा वेगळा, घाबरू नका), किंवा कपाटातल्या नॅफ्थलीनच्या डांबर गोळ्यांचा वास लागलेले कपडे तान्ह्या बाळाला घातले, की रक्तपेशींवर एकदम मारा होतो. ग्लुटाथायोन खर्च होतं, भरून द्यायला एनएडीपीएच नाही, पेशी फुटायला लागतात. लघवी कोकाकोलासारखी काळसर होते, कावीळ होते. रक्तात व्हिटॅमिन सी, ई सगळं असतं हो, पण वाण्याचं दुकानच बंद. अशा माणसाला शिरेतून व्हिटॅमिन सी चा मोठा डोस दिला तर उलट रक्तपेशी फुटू शकतात, म्हणून आधी जी६पीडी टेस्ट करतात.

बाळंतपणात आजीने जपून ठेवलेली जुनी दुपटी काढायची असतील तर आधी धुवून कडक उन्हात वाळवा. डांबर गोळ्यांच्या वासासकट बाळाला गुंडाळू नका. एवढं या लेखातनं घेतलंत तरी पुष्कळ झालं.

सगळ्यात पॉवरफुल अँटिऑक्सिडंट कुठलं?

उसनवारीत सगळ्यात पॉवरफुल बिऱ्हाड कुठलं, असं विचारल्यासारखं झालं हे.

पूर्वी ओरॅक नावाचा आकडा असायचा, परीक्षानळीत कुठला पदार्थ किती रॅडिकल मारतो त्याचा. अमेरिकेच्या कृषी खात्याने तो तक्ता २०१२ मध्ये साइटवरून काढूनच टाकला, कारण कंपन्या तो आकडा डब्यावर छापून विकत होत्या आणि माणसाच्या शरीरात काय होतं याच्याशी त्याचा संबंध लागत नव्हता. आपल्या पाकिटांवर अजून दिसतो कधीकधी.

मग गोळ्या घेतल्या तर जास्त फायदा नाही का होणार?

असंच सगळ्यांना वाटलं होतं, शास्त्रज्ञांना पण. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन (गाजराला रंग देणारं द्रव्य) दिलं. १९९४ मध्ये निकाल आला तर बीटा कॅरोटीनवाल्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. लोकांचा विश्वास बसेना. अमेरिकेत कॅरेट नावाचा तसाच दुसरा मोठा प्रयोग चालू होता, तो १९९६ मध्ये ठरलेल्या वेळेच्या आधीच थांबवावा लागला, तिथेही कॅन्सर २८ टक्के जास्त. मग २०११ मध्ये ३५ हजारांवर पुरुषांच्या सिलेक्ट प्रयोगात नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला.

का झालं असेल? एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की सिगारेट ओढणाऱ्यांच्या अंगात व्हिटॅमिन सी आधीच कमी, त्यामुळे इलेक्ट्रॉन देऊन रिकामं झालेलं बीटा कॅरोटीन भरून द्यायला कुणी नाही, आणि ते अर्धवट अवस्थेतलं बीटा कॅरोटीन स्वतःच त्रास द्यायला लागतं. एका बिऱ्हाडाला पोतंभर साखर दिली म्हणून अख्ख्या वाड्याची सोय लागत नाही. हे एकच कारण आहे असं नाही, पण मला ते पटतं.

गाजर खाऊ नका असा याचा अर्थ अजिबात नाही. गाजरातून एवढं जातच नाही आणि एकटं तर जातच नाही.

व्हिटॅमिन सी १००० ची गोळी रोज घेतेय, चालेल?

कोविडमध्ये निम्म्या महाराष्ट्राने घेतली. आयसीएमआरच्या २०२० च्या आकड्यांनुसार दिवसाची गरज पुरुषांना ८० आणि बायकांना ६५ मिलिग्रॅम. शरीर एका वेळी २०० पर्यंत जवळजवळ सगळं शोषून घेतं, पण १००० च्या वर गेलं की निम्म्याहूनही कमी शोषलं जातं, बाकी पोटात गडबड करून संडासवाटे जातं, आणि शोषलेल्यातलंही बरंचसं किडनी बाहेर टाकते. मुतखड्याचा इतिहास असेल तर मोठे डोस नकोच. १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम असतं, तिखट-मीठ लावून खा आणि विषय संपवा.

पार्लरमध्ये ग्लुटाथायोनची ड्रिप देतात, गोरं व्हायला...

नको. रंग उजळतो याला ठोस पुरावा नाही, आणि शिरेतून काहीही घेणं हे पार्लरचं काम नव्हेच. फिलिपिन्सच्या औषध नियामकाने अशा इंजेक्शनांबद्दल लोकांना जाहीर सावध केलेलं आहे.

ग्लुटाथायोनचा खरा मोठेपणा बघायचा तर पॅरासिटामोलचा ओव्हरडोस बघा. लिव्हरमध्ये पॅरासिटामोलचा थोडा भाग विषारी होतो, ग्लुटाथायोन त्याला पकडून निकामी करतं. गोळ्या फार झाल्या की ग्लुटाथायोन संपतं आणि मग लिव्हर मरायला लागतं. हॉस्पिटलमध्ये उतारा म्हणून एन-ॲसिटिल सिस्टीन देतात, म्हणजे ग्लुटाथायोन नाही, ते बनवायचा कच्चा माल. वेळेत दिलं तर माणूस वाचतो. घरी हा कच्चा माल डाळ, अंडी, दूध, मासे यांतून मिळतो, म्हणून नुसती फळं खाऊन प्रोटीन सोडणारे डाएट मला पटत नाहीत.

व्यायामाने फ्री रॅडिकल वाढतात म्हणे, मग जिमनंतर गोळी घ्यावी का?

वाढतात, आणि वाढायलाच हवेत. २००९ मध्ये जर्मनीतल्या एका प्रयोगात व्यायाम करणाऱ्यांना सी आणि ई च्या गोळ्या दिल्या, तर व्यायामाने इन्सुलिन चांगलं काम करायला लागतं तो फायदाच गायब झाला. थोडे रॅडिकल म्हणजे पेशीला निरोप असतो की बाई एन्झाइमं वाढव. निरोप्यालाच दारातून हाकलल्यावर घरात कळणार कसं? आणि आपल्या पांढऱ्या पेशी तर जंतू मारायला मुद्दाम रॅडिकल बनवतात, ते पण त्याच एनएडीपीएच मधून. सगळे रॅडिकल संपवायचे ही कल्पनाच चुकीची आहे.

सेलेनियमसाठी ब्राझील नट खाऊ का?

सेलेनियम हे खनिज ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजच्या गाभ्यात लागतं, हे १९७३ मध्ये कळलं. चीनमधल्या केशान भागात मातीत सेलेनियम कमी होतं तिथे मुलांचं, तरुण बायकांचं हृदय निकामी व्हायचं. पण जास्त झालं तर ते विषच आहे. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत मुठीमुठीने गळले ते आठवत असेल, तपासणीत लोकांच्या अंगात सेलेनियम वाढलेलं सापडलं आणि डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. तेव्हा हे सप्लिमेंट मनाने सुरू करू नका. नट एखादा ठीक, मूठभर रोज नाही.

मग खायचं काय ते सांगा ना सरळ

ताटाची डावी बाजू परत आणा. लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. हल्ली ऑफिसच्या डब्यात पोळी-भाजी असते आणि डावी बाजू गायब. लिंबू वरण उकळताना नाही, ताटात पिळा, सी उष्णतेने जातं. शेंगदाण्याच्या, जवसाच्या, तिळाच्या चटणीत ई असतं पण थोडी थोडी करा, म्हणजे ती स्वतः खवट होणार नाही. टोमॅटोचं उलटं आहे, तेलात शिजवला की त्यातलं लाल लायकोपिन जास्त मिळतं. हळद एकटी जवळजवळ शोषलीच जात नाही, मिरीतल्या पायपरीनने हळदीतल्या कर्क्युमिनचं शोषण २० पट वाढल्याचं बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, म्हणजे हळद-दुधात मिरी घालणारी आजी बरोबर होती (का घालते ते तिला विचारलं तर "अशीच घालतात" म्हणाली असती). बी२ साठी दूध-ताक. जेवणावर लगेच चहा नको, लोह अडतं.

कुणी सावध राहावं?

केमो किंवा रेडिएशन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना न सांगता कुठलीही अँटिऑक्सिडंट गोळी घेऊ नये. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर ई चे मोठे डोस नकोत. सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीन तर नाहीच.

खवट झालेला चिवडा उन्हात ठेवला तर सुधारतो का?

कुरकुरीत होईल, खवटपणा जाणार नाही, उलट ऊन लागून वाढेल. आमच्याकडे दर वर्षी हा वाद होतो आणि दर वर्षी ते ताट गच्चीवर जातंच.